सात नंबरच्या प्रेसवरचं कुलूप

सलिलचं कुलूप महाळुंग्याच्या कंपनीत सात नंबरच्या प्रेसवर राहिलं होतं, आणि त्याची किल्ली आकुर्डीच्या घरात दारामागच्या खिळ्याला होती.

हे कुलूप काय असतं ते आधी सांगायला हवं. पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे, बॉनेट वगैरे काढणारी प्रेस दोन मजली घराएवढी असते. ती दुरुस्त करायची तर माणसाला तिच्या पोटात शिरावं लागतं, नाहीतर खालच्या खड्ड्यात उतरावं लागतं. तो आत असताना बाहेरून कुणी चुकून बटण दाबलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून आत जाण्याआधी प्रत्येक जण मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं लाल कुलूप घालतो. कुलपाला एक पट्टी असते. तिच्यावर त्याचा फोटो, त्याचं नाव आणि एक ओळ : मी आत आहे, स्विच चालू करू नका. पाच जण आत गेले तर पाच कुलपं. काम झालं की ज्यानं त्यानं आपापलं काढायचं, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पाचवं कुलूप निघेपर्यंत ती एवढी मोठी प्रेस गप्प उभी राहते.

सलिल तिथे मेंटेनन्सला होता. त्याच्या मुलीला, अनुयाला, ही कुलपांची गोष्ट लहानपणापासून पाठ होती. बाबा शिफ्टहून आला की ती विचारायची, "आज किती कुलपं होती?" तो सांगायचा, "चार. माझं सगळ्यात शेवटी काढलं." मग ती निश्चिंतपणे खेळायला जायची.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात सलिल सातच्या खड्ड्यात काम करत होता आणि त्याच्या पोटात कळ आली. तो कसाबसा वर आला, जिन्यातच ओकला आणि खाली बसला. कंपनीच्या गाडीतून त्याला थेट चिंचवडच्या हॉस्पिटलात नेलं. आतडं बंद झालं होतं. शौचाला रक्त पडत होतं ते बरेच महिने, पण उभ्याचं काम, कँटीनचं तिखट, मूळव्याध असणार, असं म्हणत त्यानं ते पुढे ढकललं होतं. कंपनीतल्या निम्म्या लोकांना मूळव्याध होती, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. ऑपरेशन करून आतड्यातली गाठ काढली, तेव्हा यकृतावरही ठिपके दिसले. सलिल एकोणचाळीस वर्षांचा होता.

कुलूप मेन स्विचच्या पॅनलवरच राहिलं. घाई कुणालाच नव्हती, कारण सातचा एक मोठा भाग तुटला होता आणि नवा बनून यायला महिने लागणार होते.

सलिलचे वडील नंदकिशोर आकुर्डीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. घरातले आणि दारचे सगळे त्यांना नाना म्हणत. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून ते मुलांना काही ना काही दाखवत. कधी लिंबात खिळे खोचून दिवा लावत, कधी मटकीला मोड कसे येतात ते बघत. मुलांचा प्रश्न कितीही अडचणीचा असला तरी "मोठा झालास की कळेल" हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पद्माबाई, म्हणजे अनुयाची आजी, गेल्या, तेव्हा शेजारच्या बायका अनुयाला आजी देवाघरी गेली म्हणून सांगत होत्या. नानांनी तिला जवळ बसवून हृदय म्हणजे काय आणि ते का थांबलं हे सांगितलं होतं. तेव्हापासून नाना सांगतात ते खरं, हा तिचा पक्का हिशेब होता.

ऑपरेशननंतरच्या एका रविवारी सतरंजीवर बसल्या बसल्या तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, कॅन्सर म्हणजे काय होतं?"

शेजारच्या प्रज्वलनं मान खाली घातली, जणू प्रश्न त्यानंच विचारला होता.

"सांगतो," नाना म्हणाले. "पण त्याला माणसं लागतील. उठा."

त्यांनी चौघांना एका ओळीत उभं केलं. "आपलं शरीर पेशींचं. पेशी म्हणजे एक छोटं घर. आतड्याच्या आतल्या बाजूच्या पेशी झिजतात, म्हणून तिथे सारख्या नव्या लागतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या. पण कधी व्हायच्या, हे पेशी मनानं ठरवत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. प्रज्वल, तू घराच्या दारावरची घंटी. तुझा खांदा म्हणजे बटण. घंटी वाजली की आत निरोप पोचवणारी मंडळी असतात. ती सगळी प्रथिनं."

"डाळीतली?" दिव्यानं विचारलं.

"डाळीतल्या प्रथिनांपासूनच शरीर स्वतःची बनवतं. हजारो तऱ्हेची. त्यातली काही नुसती निरोप पोचवतात. ह्यानं त्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला. केयूर, तू त्यातला एक. तुझं नाव रास. दिव्या, तू पुढची. अनुया सगळ्यात आत, घराच्या कचेरीत. तिला निरोप पोचला की तिनं एक उडी मारायची. एक उडी म्हणजे एक नवी पेशी."

"आणि मी काय करू?" केयूर म्हणाला.

"तुझ्या पाठीवर थाप पडली की हात वर करायचा. तुझा हात वर आहे तोवर दिव्या अनुयाला थाप मारत राहणार. पण मनात तीन मोजायचे आणि हात आपण होऊन खाली घ्यायचा. कुणी सांगायची वाट बघायची नाही."

"नाना, ह्याला जमणार नाही," प्रज्वल म्हणाला. "हा वर्गात उत्तर येत नसलं तरी हात वर करून बसतो."

सगळी हसली. अनुयाही हसली. मग खेळ झाला. नानांनी प्रज्वलचा खांदा दाबला, प्रज्वलनं केयूरला थाप मारली, केयूरचा हात वर गेला, दिव्यानं थापा मारल्या, अनुयानं उड्या मारल्या, आणि केयूरनं हात खाली घेतल्यावर सगळं थांबलं. तीन-चार वेळा झालं. दर वेळी थांबलं.

"मग बाबाच्या पोटात काय झालंय?" अनुयानं धापा टाकत विचारलं.

"ह्या साखळीत बिघाड झालाय. उड्या थांबत नाहीयेत."

"मग आता?"

"एक औषध आहे. सलाईनमधून देतात. ते जाऊन घंटीच्या बटणावरच बसतं, म्हणजे कुणाला बटण दाबताच येत नाही."

अनुयाचे डोळे मोठे झाले. "कुलूप!" ती ओरडली. "नाना, ते बाबाच्या कंपनीतल्यासारखं कुलूप आहे!"

नानांना ती उपमा इतकी नेमकी वाटली की ते हसले. पन्नास मुलांतून एखाद्याला असं सुचतं, आणि ती त्यांची नात होती. "हो," ते म्हणाले. "कुलूपच म्हण." मग लगेच म्हणाले, "गाठीच्या तपासणीत ते लागू पडेल असं निघालं तर." पण तोवर मुलं पुढच्या डावासाठी घंटी कोण होणार ह्यावर भांडायला लागली होती.

तपासणीचा निकाल दिवाळीच्या आधी आला. सलिल, त्याची बायको अबोली आणि नाना डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टर स्वरूपा वयानं सलिलएवढ्याच होत्या. कागद पालथा ठेवून त्या म्हणाल्या, "गाठीत रासच्या जनुकात बदल सापडलाय. म्हणजे आपण म्हणत होतो ते इंजेक्शन उपयोगी पडणार नाही. ते द्यायचंच नाही."

"पण ते तर घंटीवर..." नाना म्हणाले, आणि थांबले. पुढचं त्यांना समजलं होतं.

सलिल मात्र पुढे झुकला. "मॅडम, मला नीट सांगा. ते इंजेक्शन बाहेरचं बटण बंद करतं, बरोबर?"

"बरोबर."

"आणि हे रास त्याच्या मागे आहे. आतल्या बाजूला. आणि ते चालूच राहिलंय."

"हो. त्याला बाहेरून निरोप लागतच नाही. ते आपोआप चालू राहतं."

"कॉन्टॅक्टर चिकटलाय," सलिल म्हणाला. अबोली त्याच्याकडे बघत होती. तिला तो सांगू लागला, शिफ्टला नव्यानं आलेल्या मुलाला सांगावं तसं. "हिरवं बटण दाबलं की पॅनलमध्ये दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मोटर फिरते. लाल दाबलं की त्या सुटतात. कधीकधी त्या तापून चिकटतात. मग लाल बटण दाब, दाब, दाब. मोटर फिरतच राहते. बटणात काही दोष नसतो गं."

"अगदी असंच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

"मग आम्ही मेन बंद करतो," सलिल म्हणाला, आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

ऑपरेशननंतर सुरू झालेली केमो चालू ठेवायची असं ठरलं. तिनं वेळ वाढेल, आजार जाणार नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. किती वेळ, ते सलिलनं विचारलं नाही आणि अबोलीला विचारू दिलं नाही.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सलिल म्हणाला, "नाना, अनूला तुम्ही कुलुपाचं सांगितलंयत. ती शाळेत सगळ्यांना सांगते, माझ्या बाबाला कुलूप लावणार आहेत म्हणून. आता तिला कोण सांगणार? मी की तुम्ही?"

"मी सांगतो," नाना म्हणाले. "मी शिकवलंय, मीच सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. दिवाळी आहे, मग सहामाहीचा निकाल आहे, मग सलिलला ह्या वेळच्या केमोचा फार त्रास झालाय, असं होत गेलं. रविवारी ते मुलांना चुंबक दाखवत, भिंगानं मुंगी दाखवत. अनुया एकदा म्हणाली, "नाना, तो उड्यांचा खेळ घ्या ना परत." ते म्हणाले, "घेऊ." आणि भिंग पुढच्या मुलाकडे दिलं.

संक्रांतीनंतर सुजित आला. सुजित महाळुंगे गावचाच, सलिलच्या शिफ्टचा. कंपनी गावात आली तेव्हा त्याच्या बापाची जमीन तिच्यात गेली होती आणि त्या जागी आता नेमकी कँटीन होती. "मी माज्याच रानात जेवतो," असं तो सगळ्यांना सांगायचा.

"काय भावा," तो दारातूनच म्हणाला, "लई बारीक झालास की. आता पिटमधी उतराया शिडी नको तुला. पायपातनं सरळ खाली."

"आणि तू काय, दोघांचं जेवतोस वाटतं?"

"तुजं ताट वाया जातं ना तितं. सोडायचं व्हय?"

अबोलीनं चहा आणला. सुजितनं बशीत ओतला, फुंकर मारली, आणि प्यायला नाही.

"सातचा पार्ट आला," तो म्हणाला. "बसवला पन. सगळं झालं, टेस्टिंगच ऱ्हायलंय. आमी सगळ्यांनी कुलपं काडली. येकच ऱ्हायलंय."

"मग कापा की. सही घेऊन कापता येतं. नियम आहे तसा."

"सही झालीया. कटर आनून ठिवलाय पॅनलवर. कोन हात लावंना." सुजितनं बशी खाली ठेवली. "सायेब म्हनले, सुजित, तू काप. मी म्हनलं, न्हाई सायेब. पट्टीवर तुजा फोटो हाय, आन् खाली लिवलंय, मी आत हाय. मानूस सोता सांगतोय आत हाय म्हनून, आन् आमी कापायचं? माज्याकडनं न्हाई व्हनार. दुसऱ्यानं कापलं तर त्याचा हात धरीन म्हनलं."

सलिलनं दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी येतो. माझं मी काढतो."

"सलिल, परवाच केमो झालीये," अबोली म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय. पुढच्या वेळी जमेल न जमेल."

सुजित उठला. "शनवारी गाडी घिऊन येतो. वयनी, उशी आनतो मागं टेकायला. खड्डं चुकवीत नेतो."

आतल्या दाराशी अनुया उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी सलिलनं दाढी केली. कंपनीचा निळा शर्ट घातला. तो खांद्यावरून घसरत होता, म्हणून अबोलीनं आतून एक टाचणी लावली. सुजित वेळेवर आला. सलिल टप्प्याटप्प्यानं उठला, दारामागे हात घातला, आणि खिळा रिकामा होता.

शोधाशोध सुरू झाली. अबोलीनं ड्रॉवर उपडे केले. "मी काल झाडलं होतं इथे, मीच कुठे टाकली की काय," असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. सुजित पलंगाखाली वाकला. सलिल खुर्चीवर बसला, कारण त्याला फार वेळ उभं राहवत नव्हतं. साहेबांनी फक्त आजची सकाळ राखून ठेवली होती. सोमवारपासून सातवर माल काढायचा होता. आज कुलूप निघालं नाही तर बाहेरचा कुणीतरी आणून ते कापतील, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. आणि सलिलला त्या जागी पुन्हा उभं राहायला मिळणार नाही, हेही.

नाना शोधत नव्हते. ते अनुयाकडे बघत होते. घरात टाचणी हरवली तरी पालथी पडून शोधणारी ही पोर आज पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती.

ते तिच्याशेजारी बसले. "अनू, किल्ली तुझ्याकडे आहे."

तिनं पाय आणखी जवळ घेतले.

"बाबाला जायचंय."

"नाही देणार."

"का?"

"कुलूप काढलं की ते सुरू होईल."

"प्रेस? ती तर सुरू व्हायलाच हवी."

"प्रेस नाही." तिचा आवाज बारीक झाला. "बाबाच्या पोटातलं. तुम्हीच सांगितलंत ना, कुलूप लावलं की थांबतं. पण हॉस्पिटलमध्ये ते कुलूप लावलंच नाही. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, दुसरं औषध देतायत. मग बाबाचं कुलूप फक्त तिथेच आहे. कंपनीत." ती थांबली. "मला माहितीये असं नसतं. पण तरी काढू नका ना."

नानांनी आयुष्यभर मुलांच्या चुका पाहिल्या होत्या. चुकीच्या उत्तराच्या मागे बहुतेक वेळा अर्धवट शिकवलेलं काहीतरी असतं, हे ते नव्या शिक्षकांना सांगत. आता ते समोर बसलं होतं. उरलेला अर्धा धडा इतके दिवस त्यांच्याजवळ होता, आणि तो नसल्यानं जे भोक पडलं होतं, ते पोरीनं तिच्या परीनं एका कुलपानं बुजवलं होतं.

"चल," ते म्हणाले. "त्या दिवशीचा खेळ पुरा झाला नव्हता. आज पुरा करू."

ते बाहेर आले. "सुजित, इकडे उभा राहा. तू घंटी."

"मी?" सुजित पलंगाखालून धूळ झटकत आला. त्यानं नानांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

"रास मी होणार," सलिल खुर्चीवरून म्हणाला. त्याला कळलं होतं; तो खेळ अनुयानं त्याला कितीदा सांगितला होता.

"तू नको. अबोली होईल."

"नाना, तो मीच आहे ना?"

मग तोच झाला. त्याच्यापुढे अबोली, अबोलीपुढे अनुया. कुणी काय करायचं ते सांगून नानांनी सुजितचा खांदा दाबला. सुजितनं सलिलच्या पाठीवर थाप मारली, इतकी हलकी की शर्टसुद्धा हलला नाही. सलिलनं हात वर केला. अबोलीनं थापा मारल्या, अनुयानं उड्या मारल्या, सलिलनं हात खाली घेतला. थांबलं.

"हे निरोगी माणसाचं," नाना म्हणाले. "आता बाबाचं."

पुन्हा थाप पडली. सलिलचा हात वर गेला, आणि वरच राहिला. अबोली थापा मारत राहिली. अनुया उड्या मारत राहिली. तिच्या वेण्या उडत होत्या.

"बाबा, हात!" ती म्हणाली. "तीन कधीच झाले!"

सलिलनं हात खाली घेतला नाही.

"नाना, बाबा चुकतोय."

"औषध आलंय," नाना म्हणाले. "जा, घंटीला कुलूप लाव."

ती धावत गेली आणि सुजितच्या खांद्यावर दोन्ही तळवे दाबून उभी राहिली. तिनं मागे वळून बघितलं. सलिलचा हात वर होता. बाही खाली घसरली होती आणि दंड मनगटाएवढाच दिसत होता. अबोलीचा हात रिकाम्या जागेवर थापा मारत होता, कारण थांब असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण मी लावलं ना कुलूप!"

ती सलिलकडे गेली. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. हात खाली आला. तिनं सोडला, तसा तो पुन्हा वर गेला. हळू, पण गेला. तिनं परत ओढला. परत वर गेला.

"खाली घे ना, बाबा."

"नाही येत गं मला, पिल्लू."

"घे ना!"

"नाही येत."

नाना खाली बसले, तिच्या उंचीला. "तपासणीत हे निघालं, अनू. घंटी बिघडलेली नाही. मधला अडकलाय. त्याचा हात खाली येत नाही. घंटीला कुलूप लावलंय हे त्याला कळतच नाही. म्हणून ते औषध दिलं नाही."

"मग त्याच्या हाताला कुलूप लावा!"

"तेच बनवतायत. जगात खूप माणसं त्याच कामाला लागली आहेत. अडकण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, त्यातल्या एकीसाठी बनलंही आहे. बाबाची तऱ्हा दुसरी आहे. तिच्यासाठीचं अजून आपल्या हाती आलेलं नाही."

"कधी येईल?"

"येईल. मला खात्री आहे." त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं, जसं ते नेहमी बघत. "बाबा असेपर्यंत येईल, असं मला वाटत नाही."

अबोलीनं तोंडावर पदर दाबावा तशी ओढणी दाबली. अनुया रडली नाही. ती नानांकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगता आलं नाही."

"तुम्हाला?" ती म्हणाली.

सलिलचा हात अजून वर होता. अनुयानं तो पाहिला. आता तिनं तो ओढला नाही. त्याच्या मांडीवर चढून बसली, तो हात आपल्या डोक्यावरून घेऊन पुढे धरला, आणि मग ती रडली. फ्रॉकच्या गळ्यात हात घालून तिनं वेणीची रिबन ओढून काढली. रिबनला किल्ली होती. ती तिनं सलिलच्या मुठीत कोंबली.

"मी पण येणार," ती म्हणाली.

कंपनीच्या दारात त्यांना पाहुण्यांचे बिल्ले मिळाले. अनुयाचं हेल्मेट नाकापर्यंत येत होतं, तिला ते एका हातानं वर धरावं लागत होतं. साहेब स्वतः आत घेऊन गेले. जमिनीवरच्या पिवळ्या रेघेशी नाना, अबोली आणि अनुया थांबले. पुढे सलिल एकटा गेला. सुजित त्याच्या मागे दोन पावलं होता, पण त्यानं हात पाठीमागे बांधले होते.

शेजारच्या प्रेस थांबवल्या होत्या. माणसं आपापल्या जागी उभी होती. सात नंबरच्या पॅनलवर एकच लाल कुलूप होतं, आणि पट्टीवरच्या फोटोतला सलिल गालांनी भरलेला होता. कटर अजून तिथेच पडला होता. त्यावर धूळ बसली होती.

कुलूप काढण्याआधी खड्ड्याशी वाकून हाक द्यायची, अशी तिथली रीत. सलिल कठड्याला धरून वाकला.

"आत कोणी आहे का?"

आवाज फार मोठा नव्हता. पण एवढ्या शांततेत तो खड्ड्यात उतरून परत आला.

"आत कोणी आहे का?"

तो थांबला. तिसऱ्यांदा हाक द्यायला त्याला श्वास घ्यावा लागला.

"आत कोणी आहे का?"

खालून उत्तर आलं नाही. अनुयानं नानांचा हात घट्ट धरला.

सलिलनं किल्ली कुलपाला लावली. केमोनं बोटांची टोकं बधिर झाली होती, त्याला किल्ली कुठे टेकली ते कळत नव्हतं. एकदा ती बाजूला लागली, दोनदा लागली. एकदा खाली पडली. सुजित जागचा हलला, आणि पुन्हा उभा राहिला. सलिल खाली बसला, किल्ली उचलली, पॅनलला धरून उठला. कुणी पुढे झालं नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं.

शेवटी ते निघालं. त्यानं ते शर्टच्या खिशात टाकलं, पट्टीसकट. मेन स्विच वर केला. हिरवं बटण दाबलं.

आधी नुसता एक घुमारा आला, मग पायाखालची जमीन हलायला लागली. अनुयानं एक कान दाबला, दुसरा दाबायला हात नव्हता. वरचं मोठं चाक फिरू लागलं. माणसं चाकाकडे बघत होती, आणि काही जण चाकाकडे बघत नव्हते.

दुरुस्तीनंतर प्रेस सुरू केली की ती नीट बंद होते ना, तेही तपासायचं असतं. सलिलनं अंगठा लाल बटणावर ठेवला आणि मागे वळून पिवळ्या रेघेकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

चाक मंदावलं. आणखी मंदावलं. जमिनीची थरथर पायांतून उतरत गेली, आणि ती एवढी मोठी प्रेस उभी राहिली.

"थांबली," अनुया म्हणाली.

"हो," सलिल तिथूनच म्हणाला. "ही थांबते."